पोराचा घास आणि बापाचे देणे

अग्रलेखाची नेहमीची जागा सोडून आम्ही आज पहिल्या पानावर आलो, म्हणजे एखादे मंत्रिमंडळ कोसळले असावे किंवा सीमेवर काही अघटित घडले असावे, असे वाचकांस वाटणे साहजिक आहे. तसे काहीही घडलेले नाही. आजचा विषय न्यायालयाच्या ओसरीवर कागदांची पिशवी मांडीवर घेऊन पुकाऱ्याची वाट पाहत बसलेल्या एका बाईचा, आणि तिच्या पदराशी चाळा करणाऱ्या तिच्या लेकराचा आहे. अशी बाई आणि असे लेकरू कोणत्याही तालुक्याच्या गावी, कोर्टाच्या कोणत्याही दिवशी दृष्टीस पडते. रोज दिसणाऱ्या दुःखाला बातमीची किंमत उरत नाही. म्हणूनच त्याला एखादे दिवशी बातम्यांच्या पंक्तीस आणून बसवावे लागते.

कन्नड तालुक्यातील पिशोरसारखे एक गाव डोळ्यांपुढे आणावे. समजा, तेथील एका मुलीचा संसार मोडला आणि दोन लेकरे घेऊन ती माहेरी परतली. कन्नडच्या न्यायालयाने तिला व लेकरांना दरमहा काही पोटगी ठरवून दिली. पुढे रीतसर घटस्फोटही झाला. नवरा वाळूजला कारखान्यात कामास होता. त्याने यथाकाल दुसरे लग्न केले. जिच्याशी केले तिला पहिल्या घरची दोन मुले होती. आता हा गृहस्थ न्यायालयापुढे येऊन म्हणतो, ‘साहेब, माझ्या घरी खाणारी तोंडे वाढली, पोटगी कमी करून द्या.’ वर्षा दोन वर्षांनी इकडे त्या मुलीनेही दुसरे घर केले, की तोच गृहस्थ पुन्हा उभा राहतो आणि म्हणतो, ‘तिला आता धनी मिळाला, पोरांना तोच पोसतो आहे. आता पोटगी कशाची?’

हे उदाहरण आम्ही कल्पिलेले आहे; परंतु ज्याचा कोर्टकचेरीशी थोडाही संबंध आला आहे अशा कोणासही ते परके वाटणार नाही. या दोन अर्जांकडे जरा निरखून पाहावे. पहिल्या अर्जात हा मनुष्य सावत्र बाप आहे, आणि सावत्र मुलांना पोसतो म्हणून सख्ख्या मुलांचा वाटा कमी करा असे म्हणतो. दुसऱ्या अर्जात तो सख्खा बाप आहे, आणि सावत्र बाप पोसतो म्हणून आपली सुटका करा असे म्हणतो. दोन्ही अर्जांत नुकसान त्याच दोन लेकरांचे होते. शिवाय पहिल्या अर्जातील ती दोन सावत्र मुले ज्याची, तो त्यांचा जन्मदाता कोठे आहे, हयात आहे की नाही, त्याच्यामागे शेतीवाडी काय आहे, याची विचारपूस कोणीच करीत नाही. सावत्र नात्याचा आधार घेऊन सख्खा बाप हिशेबातून अलगद निसटतो, हे या प्रश्नाचे खरे मर्म आहे.

कायदा काय सांगतो हे प्रथम पाहिले पाहिजे, कारण या विषयात कायद्यापेक्षा कायद्याविषयीच्या दंतकथांचेच राज्य अधिक आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. क्रमांक बदलला, आशय तोच राहिला. ऐपत असूनही जो मनुष्य आपल्या पत्नीची, अज्ञान मुलांची किंवा निर्वाह करू न शकणाऱ्या आईबापांची हेळसांड करतो, त्यास दरमहा रक्कम देण्याचा हुकूम दंडाधिकारी करू शकतात. घटस्फोटित स्त्रीस ही पोटगी तिने पुनर्विवाह करीपर्यंतच मिळते. मुलास मात्र अशी अट कोठेही घातलेली नाही. आईने दुसरे लग्न केले म्हणून मुलाचा बाप बदलत नाही, आणि म्हणून बापाचे देणेही संपत नाही. बाईची पोटगी आणि मुलाची पोटगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘तिने दुसरे घर केले’ हे उत्तर पहिलीस पुरेसे असेल, दुसरीस ते लागूच पडत नाही. हा कायदा धर्म विचारीत नाही. मुस्लिम पित्यावरही अज्ञान मुलांच्या निर्वाहाची जबाबदारी पूर्ण असून, मुले घटस्फोटित आईजवळ राहतात म्हणून ती कमी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

हिंदूंपुरता याहून एक विशेष कायदा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला; त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २१ डिसेंबर १९५६ रोजी, हिंदू दत्तक व निर्वाह कायदा अमलात आला. त्याच्या विसाव्या कलमाने औरस व अनौरस अशा दोन्ही प्रकारच्या मुलांचा निर्वाह करणे आईबापांवर बंधनकारक केले. त्याच कलमात वृद्ध आईबापांचाही समावेश करून, निपुत्रिक सावत्र आईसही ‘आईबाप’ या शब्दात जागा दिली. सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ साली गुजरातेतील एका प्रकरणात, निपुत्रिक सावत्र आई विधवा असेल किंवा तिचा पती तिला पोसण्यास असमर्थ असेल तर तिला सावत्र मुलाकडून पोटगी मागता येईल, असे ठरविले. म्हणजे सावत्र नाते कायद्याला अगदीच ठाऊक नाही, असे नव्हे. परंतु ते त्याने एकाच बाजूने ओळखले आहे. सावत्र मुलगा मोठा झाला की सावत्र आई त्याच्याकडे हक्काने मागू शकते; तोच मुलगा लहान असताना सावत्र बापाकडे मात्र त्याला काहीही मागता येत नाही.

मग पोटगीची रक्कम ठरविताना या सावत्र मुलांचे काय होते? १९५६ च्या कायद्याचे तेविसावे कलम न्यायालयाने कोणत्या गोष्टी विचारात घ्याव्या हे सांगते. पक्षकारांची स्थिती, मागणाऱ्याच्या वाजवी गरजा, त्याचे स्वतःचे उत्पन्न, आणि शेवटी ‘या कायद्यान्वये निर्वाहास पात्र असलेल्या व्यक्तींची संख्या’. सावत्र मूल या कायद्यान्वये सावत्र बापाकडून निर्वाहास पात्र नाही. तेव्हा काटेकोर वाचन केले तर त्याचे तोंड या मोजणीत धरता येत नाही. उलट, ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागपूरहून आलेल्या एका पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे असा देशभरासाठी दंडक घातला, आणि त्या प्रतिज्ञापत्रात आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसांचाही तपशील मागितला. त्या रकान्यात सावत्र मुलांची नावे येणारच. ती आल्यावर त्यांना किती वजन द्यावे, हे मात्र स्पष्टपणे कोठेच लिहिलेले नाही. ते प्रत्येक न्यायाधीशाच्या विवेकावर राहिले आहे. न्यायाधीशांचा विवेक ही आदरणीय वस्तू खरी. पण एका तालुक्यात एक आणि शेजारच्या तालुक्यात दुसरा असा हिशेब लहान मुलांच्या पोटाशी होऊ लागला, तर विवेकाचीच अप्रतिष्ठा होते.

आमचे मत स्पष्ट आहे. सावत्र मुलांना पोसणे हे पुण्यकर्म आहे. परंतु ते पुण्य स्वतःच्या पोराच्या ताटातील भाकरी काढून करता येत नाही. मनुष्य दुसरे लग्न करतो तेव्हा समोरच्या स्त्रीस मुले आहेत हे त्यास ठाऊक असते, आणि आपल्या डोक्यावर पहिल्या घरचे देणे आहे हेही ठाऊक असते. तो जाणूनबुजून नवा भार उचलतो. पहिल्या लेकरांना या व्यवहारात कोणी विचारलेले नसते. ज्याला विचारले नाही त्याच्याकडून त्या व्यवहाराची किंमत वसूल करावयाची, हे व्यापारातही चालत नाही. जुने देणे शिल्लक असताना नवी उदारी करणाऱ्या मनुष्याला गावचा साधा दुकानदारसुद्धा आधी मागची बाकी विचारतो.

यावर कोणी म्हणेल, की मग त्या सावत्र मुलांनी उपाशी राहावे काय? त्यांनी तरी कोणता अपराध केला आहे? प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. एका घरातील चार मुलांपैकी दोन सख्खी व दोन सावत्र म्हणून भाकरीचे तुकडे निरनिराळ्या मापाने मोडावे, असे सांगणारा मनुष्य आमच्या संस्कृतीत अद्याप जन्मला नाही. परंतु या प्रश्नाचे उत्तर पहिल्या बायकोच्या मुलांकडे नाही. ते त्या सावत्र मुलांच्या जन्मदात्याकडे आहे. तो हयात असेल तर त्याच्याकडून त्यांची पोटगी वसूल झाली पाहिजे. प्रत्येक मूल आपापल्या बापाच्या दाराशी उभे राहिले, आणि प्रत्येक दार उघडण्याची व्यवस्था सरकारने केली, तर एका घरच्या मुलांचे दुसऱ्या घरच्या मुलांशी भांडण लागण्याचे कारणच पुष्कळसे नाहीसे होईल.

आणि जन्मदाता मेलेला असेल तर? मराठवाड्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. नापिकी आणि कर्ज यांनी किती कुटुंबांतील कर्ता पुरुष अकाली नेला, हे या जिल्ह्यास नव्याने सांगावयास नको. अशा घरातील तरुण विधवा पुन्हा लग्न करते तेव्हा सासरचे लोक तिला व पोरांना एकदमच निरोप देतात. येथेही कायद्याने बाई आणि मूल यांत भेद केला आहे, आणि लोक तो विसरतात. विधवा सुनेचा सासऱ्याकडील निर्वाहाचा हक्क तिच्या पुनर्विवाहाने संपतो. मुलाचा हक्क संपत नाही. मृताची मालमत्ता ज्या वारसांच्या हाती गेली, त्यांनी त्या मालमत्तेतून त्याच्या अज्ञान मुलांचा निर्वाह केला पाहिजे, असे याच कायद्याचे बाविसावे कलम सांगते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे मूल स्वतःच वारस असते. बापाच्या जमिनीतील त्याचा हिस्सा आईच्या पाठोपाठ गावाबाहेर जात नाही. फार काय, खुद्द विधवेलाही पतीच्या मिळकतीत एकदा आलेला हिस्सा पुनर्विवाहामुळे गमवावा लागत नाही. असे असूनही सातबाऱ्यावर त्या मुलाचे नाव चढले आहे की नाही, हे पाहण्यास कोणी जात नाही. चुलते कसतात, पीक काढतात, आणि पोर परक्या घरी ‘आश्रित’ म्हणून वाढते. ज्याला वारस म्हणून ताठ मानेने जाता आले असते तो तेथे उपकाराचा धनी होतो. नव्या बापाच्या मनात पुढे जो कडवटपणा येतो, त्याचे मूळ कित्येकदा या न चढलेल्या फेरफारात असते.

आपल्याकडे ध्रुवाची कथा घरोघर सांगतात. सुरुचीने त्याला उत्तानपादाच्या मांडीवर बसू दिले नाही, याबद्दल सारा दोष आपण सावत्र आईला देत आलो. ‘माय मरो पण मावशी उरो’ या म्हणीमागेही सावत्र आईचेच भय आहे. परंतु कथा नीट ऐकली तर मांडी उत्तानपादाची होती, आणि राजाही तोच होता. एक शब्द उच्चारला असता तर त्या पोराला रानात जावे लागले नसते. तो गप्प बसला. हजारो वर्षे आपण सुरुचीला बोल लावीत आहोत आणि उत्तानपादाचे मौन पोटात घालीत आहोत. आजच्या पोटगीच्या अर्जांत हेच मौन निराळ्या भाषेत बोलते. ते ‘परिस्थिती बदलली’ असे म्हणते. परिस्थिती बदलल्यास रक्कम कमीजास्त करून मागण्याची सोय कायद्याने दिली आहे, आणि ती असलीच पाहिजे. आजारपण, बेकारी, पिकाचा नाश या खऱ्या बदललेल्या परिस्थिती होत. स्वतःच्या इच्छेने मांडलेला नवा संसार त्यांच्या पंक्तीस बसविणे योग्य नव्हे.

इतर देशांनी हा प्रश्न निरनिराळ्या रीतीने सोडविला आहे. इंग्लंडमध्ये पोटगीचे गणित एक सरकारी खाते करते. एका मुलासाठी साप्ताहिक मिळकतीच्या शेकडा १२, दोघांसाठी १६ आणि तीन किंवा अधिक मुलांसाठी १९ असा सर्वसाधारण दर आहे. परंतु देणाऱ्याच्या घरी दुसरी मुले राहत असतील, मग ती सावत्र का असेनात, तर आधी त्याच्या मिळकतीतून एका मुलामागे शेकडा ११, दोघांमागे १४ आणि अधिक असल्यास १६ इतकी रक्कम वजा धरतात. वरवर पाहता हे आमच्या मताच्या उलट दिसते. तथापि तेथे तेच खाते त्या सावत्र मुलांच्या बापालाही गाठते, आणि प्रसंगी त्याच्या पगारातून परस्पर कापून घेते. वर्तुळ पुरे होते, म्हणून ती सवलत तेथे शोभते. आपल्याकडे वसुलीचा पत्ता नाही आणि सवलत तेवढी उचलावयाची, असे केले तर वर्तुळाचा एक तुकडा हाती राहील आणि तो नेमका लेकरांच्या गळ्याला लागेल. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९९९ साली असे ठरविले की, जो सावत्र बाप मुलाचा बाप म्हणून वागला, त्यास लग्न मोडल्यावर ‘आता माझा संबंध नाही’ असे एकतर्फी म्हणता येणार नाही. तत्त्व उदात्त आहे. परंतु लेकुरवाळ्या स्त्रीशी लग्न करण्यास आपल्याकडे आधीच थोडे पुरुष पुढे येतात. त्यांच्या डोक्यावर पहिल्याच दिवशी कायमचे बंधन लादले तर तेही मागे सरतील. म्हणून ही सक्ती आज आम्ही मागत नाही. ज्याला खरोखर बाप व्हावयाचे आहे त्याच्यासाठी सावत्र मूल दत्तक घेण्याचा रीतसर मार्ग आपल्या नियमांत आहे. त्यास जन्मदात्या आईबापांची संमती लागते. दत्तक झाले की सावत्रपण संपते, आणि हक्क व कर्तव्य दोन्ही एकदमच येतात. हा मार्ग मोकळा, स्वस्त आणि सर्वांस ठाऊक झाला पाहिजे.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या मते चार गोष्टी ताबडतोब करता येण्याजोग्या आहेत. पोटगीच्या प्रत्येक हुकमात मुलाची रक्कम आईच्या रकमेपासून वेगळी दाखवावी, आणि आईच्या पुनर्विवाहाने तीस बाध येणार नाही, असे एक वाक्य त्याच हुकमात स्पष्ट लिहावे. पोटगी कमी करून मागणाऱ्याने सावत्र मुलांचा भार पुढे केला, तर त्या मुलांच्या जन्मदात्याकडून किंवा त्याच्या मिळकतीतून काय मिळते आणि ते मिळविण्यासाठी काय केले, हे त्याने प्रथम शपथेवर सांगावे. त्याखेरीज तो भार विचारात घेऊ नये. शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर वारसाचा फेरफार घेताना तलाठ्याने अज्ञान मुलांची नावे आपण होऊन विचारून घ्यावी, मग त्यांची आई कोठेही राहत असो. आणि तालुका विधी सेवा समितीने स्त्रिया व मुलांना मिळणाऱ्या फुकट वकिलाची माहिती कन्नडच्या कचेरीतील फलकावर लावून थांबू नये. पिशोरच्या बाजाराच्या दिवशी ती माणसे पाठवून तोंडी सांगावी. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकालात निघावा, असे कायद्यातच लिहिले आहे. हे ६० दिवस कोणत्या पंचांगाने मोजतात, ते पाहण्याची वेळ आता उच्च न्यायालयाची आहे.

रकमा लहान असतात, म्हणून प्रश्न लहान समजू नये. औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका प्रकरणाचा निकाल २०१३ च्या ऑक्टोबरात लागला. पहिले लग्न लपवून दुसरे करणाऱ्या मनुष्याने दुसरीला व तिच्या मुलीला पोटगी नाकारली होती. स्वतःच्या लबाडीचा फायदा त्यास घेता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. पोटगी होती स्त्रीस दरमहा १,००० आणि मुलीस ५०० रुपये. महिन्याला ५०० रुपयांसाठी दिल्लीपर्यंत जावे लागणारे बालपण कसे असेल, याचा विचार सुस्थितीतल्या घरांनी, आपल्या मुलांच्या शिकवणीची फी भरताना एकदा अवश्य करावा. आणि ही केवळ खेड्यातील अडाण्यांची गोष्ट आहे, अशा भ्रमातही कोणी राहू नये. उत्पन्न दडवून ठेवण्याची कला शिकलेल्यांनाच अधिक अवगत असते. प्रतिज्ञापत्राचा दंडक सर्वोच्च न्यायालयास घालावा लागला, तो पगाराच्या चिठ्ठ्या आणि बँकेची पुस्तके असलेल्या लोकांसाठीच.

‘मराठवाड्याला सावत्रपणाची वागणूक मिळते’ हे वाक्य या शहरात आपण सर्वांनी वर्षानुवर्षे उच्चारले आहे. त्यातील वेदना आपणांस चांगली समजते. दुसऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवून आपला वाटा कमी केला की मन कसे जळते, हे आपण प्रदेश म्हणून अनुभवले आहे. हेच दुःख सात-आठ वर्षांचे पोर पिशोरात, कन्नडात आणि आपल्या शेजारच्या गल्लीत मुकाट्याने भोगते, तेव्हा त्याच्यासाठी सभा भरत नाहीत आणि ठराव होत नाहीत. त्याच्या वतीने एवढेच मागणे आहे की, बापाने नवे घर खुशाल करावे, सुखाने नांदावे, तेथील लेकरांवर मायाही करावी. पण पहिल्या दाराशी जे देणे ठेवून तो निघाला, ते दर महिन्याच्या ठरल्या तारखेला पोचते केल्यावाचून त्याने दुसऱ्या घरी जेवावयास बसू नये.